सासूबाईंच्या कादंबरीचे परीक्षण

पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्याने लेखकाशी आपली तोंडओळखही नाही असं भासवावं, असा एक संकेत आहे. मला तो पाळणं शक्य नाही. 'येणार होतास तू' या कादंबरीच्या लेखिका माझ्या सख्ख्या सासूबाई आहेत. मुद्रितं सासऱ्यांनी तपासली, मजकूर माझ्या मुलीने मोबाइलवर उतरवला, आणि छपाईसाठी जी मुदत ठेव मोडली ती आमच्याच बँकेत, माझ्याच काउंटरवर. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं गेलं, ते कापणारा हातही माझाच. तेव्हा लेखिकेला दुखवण्याचा माझा कोटा आधीच संपलेला होता, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

आता माझा अधिकार. मी बी.कॉम. आहे. ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते. मराठी कादंबरीशी वाणिज्य शाखेचा संबंध ती विकत घेण्यापुरता, आणि तोही क्वचितच आलेला आहे. पण दिवाळी अंकांतून माझे चार विनोदी लेख छापून आले आणि सासुरवाडीत माझी साहित्यिक म्हणून नोंद झाली. घरात एखादा कंपाउंडर असला की सगळे त्यालाच नाडी दाखवतात, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही डोंबिवलीला जेवायला गेलो होतो. मठ्ठा वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी कादंबरी लिहितेय. प्रेमाची."

माझ्या हातातली जिलबी पडली नाही, पण तिचा एक वेढा सुटला. सासूबाईंचं वय ७१. सासरे शेजारी बसून शांतपणे मठ्ठ्यातली कोथिंबीर बाजूला काढत होते.

तसं पाहिलं तर सासूबाईंइतकी पूर्वतयारी फार थोड्या लेखकांची असेल. विशीच्या आतच त्यांनी सर्क्युलेटिंग लायब्ररीचं वर्गणीपुस्तक हातात घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही. फडके, खांडेकर, योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, बाबा कदम, सगळे त्यांनी दुपारच्या दोन ते चार या वेळात वाचून काढले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादावर फडके-खांडेकरांच्या भक्तांनी डोकी फोडून घेतली. सासूबाईंचा पक्ष तिसरा, दुपारसाठी कला. चंद्रकांत काकोडकर मात्र त्यांना 'श्यामची आई'च्या वेष्टनात घालून वाचावे लागले. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं; पण सोडताना, कथेचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल, लेखकाचा अनुभवही तोकडा दिसत असेल, अशा अर्थाचं बोलून घेतलं. दंड परवडला, पण असला अभिप्राय नको. देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने परीक्षण लिहिल्यावर लेखकाने अपील करायचं कुठे?

लायब्ररीत पुस्तक निवडायची सासूबाईंची एक पद्धत आहे. त्या आधी शेवटचं पान वाचतात. दोघांचं जमलं असेल तरच पुस्तक घरी येतं. मी एकदा विचारलं, "आई, शेवट कळल्यावर मग उरतं काय?" त्या म्हणाल्या, "अहो, जमणार हे ठाऊक असतं म्हणून तर न जमण्याची मजा येते." प्रेमकथेच्या तंत्राविषयी याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. मधली तीनशे पानं दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, आणि वाचकाला पटेल अशा कारणाने ठेवायचं, एवढाच हा धंदा आहे.

पण एवढं ठाऊक असलेल्या बाईंनी लिहायला बसल्यावर काय करावं? त्या तंत्र शिकायला निघाल्या. लायब्ररीतून फडक्यांचं 'प्रतिभासाधन' आणलं. ते १९३१ सालचं. त्याची पानं उलटताना आपलं वय कमी झाल्यासारखं वाटतं असं त्या म्हणाल्या. नातीने मोबाइलवर एक कार्यशाळा लावून दिली. शिकवणारा मुलगा नातीहून फार तर दहा वर्षांनी मोठा. त्याने दोन नियम दिले. एक, भावना सांगू नका, दाखवा. दोन, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवा. सासूबाईंनी दोन्ही नियम लोणच्याच्या प्रमाणासारखे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

मग रोज दोन ते चार लेखन. दोनशेपानी वह्या, निळं पेन, शेजारी गॅसवर दुसऱ्या दिवशीच्या उसळीची मटकी. संध्याकाळी नात घरी आली की सासूबाई मोबाइलसमोर बसून वाचून दाखवणार आणि यंत्र ते टाइप करणार. बार्बरा कार्टलंड म्हणे सोफ्यावर आडवी होऊन कादंबऱ्या सांगायची आणि सेक्रेटरी उतरवून घ्यायची. पण तिच्या सेक्रेटरीला मधली वाक्यं गाळायची अक्कल होती. आमच्या पहिल्या प्रतीत असं वाक्य निघालं : 'अभिजितने तिचा हात हातात घेतला स्वल्पविराम आणि म्हणाला अहो गॅस बंद करा.'

या पहिल्या खर्ड्यात कथा आजच्या काळात घडत होती. मृणाल आणि अभिजित यांच्यात गैरसमज होतो, तो अडीच पानं टिकला. पुढे सरकेना. नात म्हणाली, "आजी, तिने त्याचं लोकेशन मागायचं ना!" सासूबाई विचारात पडल्या. पूर्वीच्या कादंबऱ्यांत एक पत्र चुकीच्या हातात पडलं की दीडशे पानांची ददात मिटायची. जात आडवी यायची, वैधव्य आडवं यायचं, नायक विलायतेला जायचा तो बोटीने. आता तारसेवासुद्धा २०१३ साली बंद झाली आणि 'मेसेज वाचला' हे सांगणाऱ्या दोन निळ्या खुणांनी मराठी प्रेमकथेच्या पोटावर पाय आणला. सासूबाईंनी सगळी कथा उचलून १९७४ सालात नेऊन ठेवली. मी याला धोरणी निर्णय म्हणेन.

कादंबरी २६ प्रकरणांची आहे. मला हिशेबाची सवय असल्याने काही आकडे देतो. पात्रं एकूण ४१ वेळा खिडकीबाहेर बघतात. भावना दाखवायची, सांगायची नाही, हा त्या नियमाचा परिणाम. दुःख झालं की खिडकी, आनंद झाला की खिडकी. १२व्या प्रकरणात मृणाल रागावते तेव्हा ती माजघरात आहे, माजघराला खिडकी नाही, म्हणून ती आधी ओटीवर येते. ९ प्रकरणं दाराची घंटी वाजून संपतात. पुढच्या प्रकरणात दारात अनुक्रमे दूधवाला, इस्त्रीवाला, रद्दीवाला, पुन्हा दूधवाला आणि वर्गणीवाले असतात. टांगलेल्या वाचकाला उतरवून घ्यायला सहाव्या घंटीपर्यंत कोणी येत नाही. नायकाचे डोळे पान १४ वर घारे आहेत आणि पान ९० वर काळेभोर. बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. अभिजितचे डोळे मी तिथेच ठेवले. कादंबरीत सस्पेन्स म्हणून तेवढाच होता.

संवादांचं काय सांगावं? अभिजित छापील बोलतो. पेपरातल्या अग्रलेखाने प्रेमात पडावं तसा. मृणालची आई मात्र तोंड उघडते आणि पान जिवंत होतं. जावई कसा हवा यावर तिचं एक भाषण आहे, ते वाचताना मला सारखं कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं.

पण १७वं प्रकरण आलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

अभिजित भुसावळला आहे. मृणाल डोंबिवलीला. त्याचं पत्र आलंय, '६ मेला निघतो, तुझ्या वडिलांना भेटतो.' आणि रेल्वेचा संप होतो. हा संप खरा आहे. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झाला, सुमारे १७ लाख कामगार त्यात होते आणि तो २० दिवस चालला. या प्रकरणात घंटी वाजत नाही. खिडकीही नाही. मृणाल रोज सकाळी स्टेशनच्या पुलावर जाऊन उभी राहते, एवढंच. एखादी गाडी पोलिसांच्या पहाऱ्यात येते, ती थांबेलच असं नाही. बाजूच्या रुळांची चकाकी जाते आणि तांबूस गंज चढतो, तो ती दिवसागणिक बघते. टपालही रेल्वेनेच जायचं, तेव्हा पत्र नाही. घरी आईची निराळीच पंचाईत. तिला घड्याळाची सवय नव्हती, भात एका गाडीला आणि कणीक दुसऱ्या गाडीला. गाड्याच नाहीत म्हटल्यावर त्या घरात २० दिवस कधी भात गिच्च तर कधी कच्चा. २३ पानं कोणी कोणाला भेटत नाही, आणि मी ती कल्याणपासून मुलुंडपर्यंत उभ्याने वाचली. घाटकोपरला उतरायचं विसरलो.

नायकाला या प्रकरणात एक सवय दिलेली आहे. तो डावखुरा आहे. पत्रातली अक्षरं उजवीकडून पुसली गेल्यासारखी, शाई ओली असताना वरून हात फिरल्याने फरफटलेली, हे मृणाल पत्र हातात धरून बघते.

रात्री सौ.ने विचारलं, "वाचलंस सतरावं?"

"वाचलं."

"बाबा डावखुरे नाहीत."

मी म्हटलं, "अगं, कादंबरी आहे."

"आजपर्यंत आईने मनाने रचून एक गोष्ट सांगितली नाही मला. चिमणीकावळ्याचीसुद्धा पुस्तकातून वाचून दाखवायची. शाईचं तिला कुठून सुचलं?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू समीक्षक आहेस ना? लांबलंय म्हणून सांग. काढून टाकेल. बाबा प्रुफं बघणार आहेत रे."

आता तुम्हीच सांगा. अख्ख्या कादंबरीत खरी म्हणावी अशी २३ पानं, आणि तीच खोटी ठरवून यायची. व्हाउचर खरं असून एंट्री उलट करायची, असला प्रकार मी नोकरीत कधी केला नाही. सासुरवाडीत केला. पुढच्या रविवारी मी सासूबाईंना म्हणालो, "आई, सतरावं जरा लांबलंय. गती मंदावते." गती हा शब्द मी मासिकांतल्या परीक्षणांतून उचलला होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असं?" म्हणाल्या, आणि वहीच्या त्या पानांचा कोपरा दुमडून ठेवला. बाकीच्या कुठल्याही सूचनेवर त्या माझ्याशी भांडल्या होत्या. खिडक्यांवर तर अर्धा तास. इथे नाही. मला चहाही नेहमीसारखाच दिला. मला तो जाईना.

२३ पानांची ३ झाली. मजकूर छपाईला गेला, मुद्रितं आली. सासरे रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर फायली तपासून निवृत्त झालेले, शुद्धलेखनाला कडक. पेपरातलं शब्दकोडं संपलं की लाल पेन घेऊन मुद्रितं. दहाव्या दिवशी त्यांचा मला फोन. ते मला फोन करत नाहीत. त्यांनी फोन केला म्हणजे कोणीतरी गेलं, अशी आमच्या घरी समजूत आहे.

"सतराव्यातली पानं कुठे गेली?"

"बाबा, ती... थोडं लांबत होतं."

"कोण म्हणालं?"

मी गप्प राहिलो.

"वहीत होती ती मी वाचली आहेत. वही माझ्याकडेच आहे. ती परत घालायची," सासरे म्हणाले. "आणि एक चूक आहे, ती मी समासात लिहिली आहे."

समासातली नोंद मी नंतर पाहिली. मृणालच्या पुलावरच्या पहिल्या सकाळीच्या शेजारी, लाल शाईत, ऑफिसातल्या शेऱ्याच्या अक्षरात : 'संप ८ मे रोजी सुरू झाला. ६ला रात्री भुसावळहून निघालेला माणूस ७ला सकाळी कल्याणला पोचतो. गाड्या होत्या.' खाली सही करण्याची सवय मोडली नसावी, आद्याक्षरं होती.

मी नोकरीत पुष्कळ शेरे वाचले आहेत. पन्नास वर्षांत इतकी आटोपशीर समीक्षा कोणी लिहिली असेल असं मला वाटत नाही. ती तारखेची दुरुस्ती होती म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

सासूबाईंना एक आकडा बदलून सुटता आलं असतं. ६ चे ९ केले असते की नायक निर्दोष. त्यांनी तारीख तशीच ठेवली. फक्त प्रकरणाच्या शेवटी, संप मिटतो त्या २७ तारखेला, मृणाल पुलावरून उतरता उतरता बोटांवर दिवस मोजते, सहा, सात, आणि घरी जाऊन भात टाकते, एवढी दोन ओळींची भर घातली. यामुळे पुढे दोघांचं जमतं त्या २६व्या प्रकरणाचे तीन तेरा वाजले आहेत, हे परीक्षक म्हणून मला नमूद करायला हवं. शेवटच्या पानावर तो येतो, क्षमा मागतो, सनई वाजते. पण आपल्याला ते दोन दिवस आठवत राहतात आणि त्याच्या घाऱ्या किंवा काळ्याभोर डोळ्यांवर विश्वास बसत नाही. शेवटचं पान आधी वाचणाऱ्या वाचकांची यात फसवणूक आहे.

पुस्तकाच्या ३०० प्रती आल्या त्या लेखिकेच्या खर्चाने. प्रकाशक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांनी गठ्ठे खाली गेटपाशी टाकले आणि विक्रीचं तुम्हीच बघा म्हणाले. लिफ्ट बंद. मी आणि सासरे एकेक गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. दुसऱ्या मजल्यावर सासरे एका गठ्ठ्यावर बसले. दम खात म्हणाले, "त्या मे महिन्यात मी कल्याणहून डोंबिवलीला चालत आलो होतो. रुळांवरून."

"का?"

"संपात होतो. दुसरं काम नव्हतं. मामा म्हणाला, मुलगी बघून ये. ठाकुर्लीला पोलिसाने हटकलं. पळापळ चालली होती, धरत होते लोकांना. मुलगी बघायला चाललोय म्हटलं, तर हसला आणि सोडलं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "डोंबिवलीच्या पुलावर एक मुलगी उभी होती. कल्याणकडे तोंड करून. मला वाटलं, माझीच वाट बघतेय. घरी गेलो तर तीच पोहे घेऊन बाहेर आली."

मग ते उठले आणि म्हणाले, "चला, अजून चार आहेत."

प्रकाशन समारंभ सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. अध्यक्ष एक माजी नगरसेवक. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण कादंबरी बचत गटांना मार्गदर्शक ठरेल असं ते म्हणाले. मीही बोललो. १७व्या प्रकरणाविषयी बोलायचं म्हणून उभा राहिलो; पहिल्या रांगेत सौ. बसली होती, मग मराठी कादंबरीच्या वाटचालीविषयी बोललो. त्या दिवशी खपल्या ११ प्रती, त्यातल्या ४ मी घेतल्या.

उरलेल्यांचा उठाव कसा करायचा यावर नातीने मोबाइलवरचे मार्ग सांगितले. तिथे 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर मराठी प्रेमकथांच्या मालिका रोज वाचल्या जातात, हे मला तिच्याकडूनच कळलं. सासूबाईंनी मात्र स्वतःचा मार्ग काढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कादंबरी लुटली. एका संध्याकाळी ६४ प्रती गेल्या. मराठी प्रकाशन व्यवसायाने या वाटेचा विचार करावा. 'गेल्या वर्षी स्टीलची वाटी होती' असा नाराजीचा सूर उमटला, पण तिळगूळ हातात असल्याने फार वाढला नाही.

रथसप्तमीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेनऊला आम्ही डोंबिवलीलाच होतो, आणि दाराची घंटी वाजली. माझ्या पोटात गोळा आला. १७वं वगळता सगळी कादंबरी आठवली. दारात दूधवाला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, साठीच्या, हातात पुस्तक, मध्ये बोट घातलेलं. आत न येता उंबऱ्यावरूनच त्यांनी सासूबाईंना विचारलं, "अहो, पण तो ६ तारखेला निघाला का नाही?"

सासरे शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. सौ. माझ्याकडे बघत होती.

"ते दुसऱ्या भागात," सासूबाई म्हणाल्या.

काकू गेल्यावर मी विचारलं, "आई, आणि तो कल्याणहून चालत आलेला?"

त्यांनी चटकन सासऱ्यांकडे पाहिलं. "ह्यांनी सांगितलं वाटतं! अहो, तो दुसऱ्या भागात पहिल्याच पानावर आहे. पण त्याच्यावर कादंबरी कशी उभी करायची तेच कळत नाही. अडचणच काही नाही हो. आला, पोहे खाल्ले, हो म्हणाला."

"पोहे खारट होते," सासरे कोड्यातून म्हणाले.

सासूबाईंनी लगेच वही ओढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या भागासाठी आणखी एक ठेव मोडायची म्हणताहेत. तिची मुदत ऑगस्टमध्ये संपते. तोवर थांबा, उगाच व्याज जाईल, असं मी सांगितलं आहे.